हिरवी तार, काळी तार

मिसेस एंगेब्रेट्सन यांनी संगणक आणला
पोरांच्या घसरगाडीवर घालून, घोंगडीत गुंडाळून.
बाहेर उणे बावीस. सरोवर गोठलेलं.
डुलुथमध्ये जानेवारीत प्रत्येकाचं काही ना काही बंद पडतं:
गाडी, नळ, गुडघे.

"बटण दाबलं की एकदा दचकतो,
आणि परत झोपतो," त्या म्हणाल्या.

दचकतो म्हणजे धुगधुगी आहे, मी म्हटलं.
हे वाक्य बाबांचं.
जयसिंगपूरच्या स्टँडमागे ते पंप आणि मिक्सर दुरुस्त करायचे,
गिऱ्हाइकाला आधी धीर द्यायचे, मग बिल.

आधी भिंत तपासायची.
भिंतीवर कुणी संशय घेत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात.
मग केबल. मग पाठीमागचं ते छोटं बटण,
जे केर काढताना नकळत बंद होतं
आणि ज्याच्या जोरावर मी एकदा एका पाद्र्याकडून
चाळीस डॉलर घेतले होते.
अजून त्या चर्चवरून जाताना मी रस्ता ओलांडते.

बटण चालूच होतं.

लोकरीचा स्वेटर काढला, उघड्या पत्र्याला हात टेकला.
चट्! बोटातून ठिणगी.
या कोरड्या थंडीत माणूस म्हणजे
चालतीबोलती लूज वायर.

सगळे प्लग उपसले.
कागदाची क्लिप सरळ केली, पुन्हा वाकवली:
एक टोक हिरव्या तारेत, दुसरं शेजारच्या काळ्या.
एवढंच सांगायचं असतं त्याला, की ऊठ.
पंखा अर्धा फेरा फिरला.
थांबला.

मीटर लावला. जांभळी तार: पाच व्होल्ट, नेमके.
म्हणजे झोपेतही शुद्ध होती.
पिवळीवर बारा हवेत.
नऊ पॉइंट तीन. सात. चार.
मग आकडे अंधारात जिना उतरावा तसे,
चाचपडत, शून्यापर्यंत.

"डबा उघडून बघा ना."
नको. प्लग काढला तरी आत वीज राहते.
"किती वेळ?"
सांगता येत नाही.
त्यांनी मान हलवली,
उत्तर बरोबर आलं की मास्तर हलवतात तशी.

नवा डबा घातला. साठ डॉलर, चार स्क्रू.
पडदा उजळला आणि आर्विडच्या नोंदी वर आल्या,
एकोणीस वर्षांच्या: कोणतं जहाज, किती वाजता
पुलाखालून गेलं, पोटात लोखंडाची माती की गहू,
भोंगा किती वेळा.
मी बाजूला सरकले.
त्यांनी पडद्याकडे पाहिलंही नाही.
कान देऊन उभ्या.

"हा तर बंद आहे."
चालू आहे. नवा आहे ना, आवाज करत नाही.
"मग रात्री मला कसं कळणार?"

काय, ते मी विचारलं नाही.
दोन दिवस ठेवून जा म्हटलं.

तिसऱ्या दिवशी बल्ब जोडून
जुन्या डब्यातली उरलीसुरली वीज सांडली, आणि उघडला.
चार कपॅसिटर फुगलेले,
नासलेल्या मासळीच्या टिनांसारखे.
पंख्याला काही झालं नव्हतं.
धूळ, मांजराचा एक लांब पांढरा केस,
आणि झिजलेलं बेअरिंग: खर्र, खर्र, जरा थांबून, खर्र.

त्याच्या दोन तारा नव्याच्या पिवळ्या-काळ्याला जोडल्या,
पेटीच्या पाठीला रिकामं भोक होतं तिथे बसवला.
कामाचं काही नाही. हवा तर नवा पंखा खेळवतच होता.
बिलात काय लिहावं कळेना.
लिहिलं: पंखा, जुना, गिऱ्हाइकाचाच. शून्य.

त्या आल्या. ऐकलं. घोंगडी घडी करायच्या थांबल्या.
"याहून थोडा मोठ्यानं करायचा," म्हणाल्या.

मी एक स्क्रू
अर्धा फेरा सैल केला.